एकच पेटी, किल्ल्या अनेक





दर अंकात या पानावर मी निकालाबद्दल, शिस्तीबद्दल किंवा येऊ घातलेल्या कार्यक्रमांबद्दल लिहिते. या वेळी विषय जरा निराळा आहे, तो म्हणजे शाळेचा ई-मेल आणि तो कोणी उघडावा, कोणी त्यातून उत्तर पाठवावे याचे नियम. विषय रुक्ष वाटेल, पण तो का निवडला हे पुढच्या दोन परिच्छेदांत कळेल. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. त्यामुळे संगणकाचे शब्द माझ्याकडे आधी इंग्रजीतून, मग हिंदीतून आणि सगळ्यात शेवटी मराठीतून येतात. कुठे शब्द अडखळला तर सांभाळून घ्यावे.

घडले ते असे

मागच्या शैक्षणिक वर्षात आपल्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज त्रुटीत निघाला. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत पुसट आली होती. संबंधित कार्यालयाने शाळेच्या पत्त्यावर ई-मेल पाठवून कळवले, की दहा दिवसांत स्पष्ट प्रत पाठवावी आणि ती शाळेच्या नोंदणीकृत पत्त्यावरूनच यावी. दहाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुलीचे वडील माझ्या खोलीच्या दारात उभे होते. सांवेर रोडच्या एका कारखान्यात ते रोजंदारीवर जातात. शेजारच्या मुलीचा अर्ज मंजूर झाल्याचे ऐकून, अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून ते चौकशीला आले होते.

मी माझ्या संगणकावर पाहिले, तर पत्र समोरच होते. नऊ दिवसांपूर्वी आलेले आणि वाचलेले. मी शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या बाईंना बोलावले आणि स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणाले, ‘पत्र समोर आहे, तुम्ही पाहिलेच नाही.’ त्या म्हणाल्या, ‘मॅडम, माझ्याकडे तो कप्पाच दिसत नाही.’ मला ती सबब वाटली. आजच्या आज उत्तर पाठवा असे सांगून मी बैठकीसाठी इंदूरला निघून गेले. वडिलांनी घरून मूळ दाखला आणून दिला. दुपारी तीन वाजता बाईंनी शाळेच्या नावाने पत्र पाठवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सर्व्हरने ते नाकारले. संगणकाचे सर त्या दिवशी रजेवर होते. शेवटी बाईंनी आपल्या स्वतःच्या पत्त्यावरून दाखला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की पत्ता नोंदणीकृत नाही आणि मुदतही संपली आहे.

त्या मुलीची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली. विश्वस्त मंडळाने तिचा वर्षाचा खर्च उचलला, त्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. पण तिचे वडील मला जे म्हणाले ते विसरता येत नाही. ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही दिले ते उपकार झाले. तिने मिळवले होते ते हक्काचे होते.’

चूक कार्यालयाची नव्हती, बाईंचीही नव्हती. ती आमच्या व्यवस्थेची होती, आणि त्या व्यवस्थेचा हुकूम माझ्या सहीचा होता.

आधी काय होते

अनेक वर्षे शाळेचा एकच ई-मेल आणि त्याचा एकच पासवर्ड होता. तो नऊ जणांना ठाऊक होता आणि बडे बाबूंच्या टेबलाच्या काचेखाली कागदावर लिहिलेलाही होता. काम चालत होते, पण कोणते पत्र कोणी पुसले, कोणते उत्तर कोणी पाठवले, याचा पत्ता लागत नसे. नोकरी सोडून गेलेल्यांनाही पासवर्ड पाठ होता. आणि या पेटीत काय असते? मुलांच्या आधारच्या प्रती, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, जातीचे व उत्पन्नाचे दाखले. एखाद्याच्या घरच्या कपाटात असावे ते सगळे.

गमतीची गोष्ट अशी, की पासवर्डचा जन्मच मुळी याच्या उलट हेतूने झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेक जण वाटून वापरत. प्रत्येकाचे कागद वेगळे राहावेत म्हणून फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. म्हणजे पासवर्ड हा माणूस ओळखण्यासाठी आहे. नऊ जणांचा एक पासवर्ड म्हणजे नऊ जणांनी हजेरीपटावर एकच सही करण्यासारखे झाले.

म्हणून गेल्या जूनमध्ये मी हुकूम काढला, की जुना पासवर्ड बंद करावा, प्रत्येकाला स्वतःचे खाते द्यावे आणि शाळेची पेटी सर्वांना आपापल्या खात्यातून दिसावी. हुकूम योग्य होता, पण अंमलबजावणी एका दुपारी उरकली, आणि ती तपासायची असते हे मला सुचले नाही.

दफ्तरातली जुनी रीत

तांत्रिक भागाकडे जाण्यापूर्वी एक ओळखीची गोष्ट सांगते. आपल्यातील अनेक घराणी होळकरशाहीच्या काळात माळव्यात आली, आणि त्यांतली कित्येक लेखणीच्या जोरावर इथे टिकली. त्या काळच्या मराठी दफ्तरात कामाची वाटणी पक्की असे. चिटणीस पत्रव्यवहार सांभाळी, फडणीस हिशेब लिही, पोतनीस खजिना पाही. कागद वाचणे हे एक काम, लिहिणे हे दुसरे आणि त्यावर शिक्का उठवणे हे तिसरे. कारकुनाला पत्राचा मजकूर तोंडपाठ असला तरी शिक्का त्याच्या हाती नसे. पत्राच्या शेवटी मोर्तब होई, म्हणजे त्याखाली पुढे कोणी ओळ वाढवू नये. चिटणिशी एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली तरी काम चिटणिसाचेच राही.

संगणकावरची सामायिक पेटी नेमकी याच रीतीने चालते. पेटी दिसणे, पत्र वाचणे, पत्र हलवणे, पत्र फाडणे आणि पेटीच्या नावाने उत्तर धाडणे, ही सगळी निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येकाची परवानगी निराळी आहे. ‘पेटी दिली’ असे आपण एका वाक्यात म्हणतो, पण सर्व्हरच्या लेखी ते एक वाक्य नसतेच.

अकरा अक्षरे

संगणकावरचे पत्र आपल्यापर्यंत दोन टप्प्यांत येते. पाठवण्याची रीत एसएमटीपी नावाची असून ती १९८२ साली ठरली. सर्व्हरवर ठेवलेली पत्रे वाचण्याची रीत आयमॅप नावाची. तिची सुरुवात १९८६ साली स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी केली. आयमॅपमध्ये पत्रे सर्व्हरवरच राहतात, म्हणून अनेकांना एकच पेटी पाहता येते. त्याहून जुनी पॉप ही रीत बहुधा पत्रे उचलून एका संगणकावर घेऊन जाते आणि सर्व्हरवरून काढून टाकते. कार्यालयातला एखादा जुना संगणक पॉपवर राहिला असेल तर बाकीच्यांची पेटी रिकामी दिसते. त्यामुळे शोधात हाही संशय आधी फेडून घ्यावा लागतो. आमच्याकडे तसे नव्हते.

आयमॅपच्या पेटीवर कोणाला काय हक्क, हे अक्षरांनी लिहितात. ही यादी प्रथम १९९७ साली ठरली आणि डिसेंबर २००५मध्ये सुधारली गेली. आज तिच्यात अकरा अक्षरे आहेत. विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून घ्यावीत:

एल – कप्पा यादीत दिसणे.
आर – कप्पा उघडून पत्रे वाचणे.
एस – ‘वाचले’ ही खूण टिकवणे.
डब्ल्यू – इतर खुणा लावणे, जसे तारा किंवा ‘महत्त्वाचे’.
आय – कप्प्यात पत्र आणून ठेवणे.
पी – कप्प्याच्या पत्त्यावर टपाल टाकणे.
के – आत नवा कप्पा करणे.
एक्स – कप्पाच काढून टाकणे.
टी – पत्रावर ‘पुसावे’ अशी खूण करणे.
ई – तशी खूण केलेली पत्रे कायमची काढणे.
ए – इतरांना हक्क देणे व काढणे.

एल आणि आर वेगळे आहेत, हे नीट लक्षात घ्या. आर आहे आणि एल नाही, तर कप्पा उघडण्याचा हक्क असूनही तो यादीत दिसत नाही. एल आहे आणि आर नाही, तर कप्पा दिसतो पण उघडत नाही. घराचा पत्ता ठाऊक असणे आणि घराची किल्ली असणे यांत जो फरक, तोच हा.

शोध कसा लागला

आपल्या गावच्या उलट्या हनुमानाची कथा सर्वांना माहीत आहे. पाताळात उतरायचे म्हणून मारुतीराय डोके खाली करून निघाले. संगणकाच्या सरांनीही शोध तसाच घेतला. वर पडद्यावर काय दिसते यावर वाद न घालता ते एकेक पायरी खाली उतरत गेले. रजेवरून आल्यावर त्यांनी मला सहा प्रश्न लिहून दाखवले. ते तसेच देते, कारण कोणत्याही संस्थेच्या पेटीला ते लागू पडतील.

पहिला प्रश्न, पत्र आले होते का? सर्व्हर प्रत्येक पत्राची नोंद ठेवतो. नोंद होती. तारीख व वेळही होती.

दुसरा, ते कोणत्या कप्प्यात गेले? पूर्वी केलेल्या एका नियमाप्रमाणे, विषयात ‘शिष्यवृत्ती’ असलेले प्रत्येक पत्र मुख्य कप्प्यात न थांबता ‘शिष्यवृत्ती’ या आतल्या कप्प्यात जात होते.

तिसरा, बाई स्वतःच्याच खात्याने आत येत होत्या का? हो. कधी कधी संगणकात जुना पासवर्ड साठवलेला राहतो आणि माणूस दुसऱ्याच्याच नावाने फिरत असतो. तसे नव्हते.

चौथा, त्या खात्याला त्या कप्प्यावर काय हक्क आहेत, हे सर्व्हर स्वतः काय सांगतो? आपला सर्व्हर डवकॉट या मुक्त प्रणालीवर चालतो. ती फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२मध्ये प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात एक आज्ञा अशी आहे, की खात्याचे आणि कप्प्याचे नाव दिले की कोणते हक्क आहेत आणि कप्पा दिसत नसेल तर का दिसत नाही, हे ती छापून देते. आज्ञा दिली आणि उत्तर आले, की बाईंना ‘शिष्यवृत्ती’ कप्प्यावर एकही हक्क नाही.

कारण असे. नवा कप्पा तयार होतो तेव्हा तो आपल्या वरच्या कप्प्याची हक्कयादी उचलतो, पण फक्त त्या क्षणापुरती. पुढे वरच्या कप्प्याची यादी बदलली तरी आतल्या जुन्या कप्प्याची आपोआप बदलत नाही. जूनमध्ये मुख्य कप्प्यावर सर्वांची नावे चढवली गेली, पण ‘शिष्यवृत्ती’ कप्पा अनेक वर्षांपूर्वीचा. त्याच्या यादीत जुनीच नावे होती. त्यांत बडे बाबू होते आणि आधी हे काम पाहणाऱ्या, आता सेवानिवृत्त झालेल्या बाईही होत्या. त्यांचे खाते निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी चालू ठेवले होते. म्हणजे जिला गरज होती तिला कप्पा बंद होता, आणि जिचे काम संपले होते तिला तो घरबसल्या उघडा होता. निवृत्त बाईंनी त्याचा कधी गैरवापर केला नाही, त्यांना तर ते माहीतही नव्हते. पण हा त्यांचा चांगुलपणा झाला. आमच्या व्यवस्थेचे त्यात काही श्रेय नाही.

पाचवा, बाईंचा प्रोग्राम कप्पा दाखवतो का? हक्क दिल्यावरही काही प्रोग्राम फक्त तेच कप्पे दाखवतात ज्यांचे आपण ‘सदस्य’ झालो आहोत. शिवाय कोणाकोणाच्या पेट्या कोणाला वाटून दिल्या आहेत याची सर्व्हरवर एक वेगळी वही असते. हक्काची यादी हाताने दुरुस्त केली आणि ही वही नव्याने लिहिली नाही, तर हक्क असूनही कप्पा यादीत येत नाही. आमची दुरुस्ती झाल्यावरही कप्पा दिसला नाही तो यामुळेच. वही ताजी करण्याची आज्ञा दिली, बाईंनी सदस्यता घेतली, आणि कप्पा दिसला.

सहावा, मग माझ्या संगणकावर सगळे कसे दिसत होते? कारण माझ्या खात्याला प्रशासकाचे हक्क होते. प्रशासकाला कोणतेच दार बंद नसते, म्हणून कोणते दार बंद आहे हे त्याला दिसतही नाही. ‘मला तर दिसते’ हा कशाचाही पुरावा नव्हे. ज्याची तक्रार आहे त्याच्या खुर्चीत बसून पाहावे लागते. हे वाक्य मी ई-मेलपुरते लिहीत नाही.

त्या बाईंची मी स्टाफरूममध्येच, सर्वांसमोर माफी मागितली. जे उघडपणे बोलले ते उघडपणेच परत घ्यायला हवे होते. इथेही ते लिहून ठेवते.

‘वाचले’ म्हणजे ‘झाले’ नव्हे

एक प्रश्न उरतो. पत्र बडे बाबूंना दिसत होते, मग ते अडले का? बाबूंनी ते आल्या दिवशीच उघडले. विषय बाईंचा आहे असे पाहून, त्या बघतील या भरवशावर बंद केले. संगणकाचे सर रोज संध्याकाळी न वाचलेल्या पत्रांची संख्या पाहून ज्याचे त्याला कळवत. त्या संध्याकाळी संख्या शून्य होती.

सामायिक पेटीत ‘वाचले’ ही खूण बहुधा सगळ्यांची मिळून एकच असते. एकाने उघडले की सर्वांच्या पडद्यावर ठळक अक्षरे साधी होतात. एकट्या माणसाच्या पेटीत ही खूण उपयोगाची असते, पण दहा जणांच्या पेटीत ती फसवते. बाबूंना वाटले बाई पाहतील, सरांना वाटले कोणीतरी पाहिले, आणि पत्र तिथेच राहिले.

उत्तर का गेले नाही

दुपारी तीन वाजता बाईंना सर्व्हरने ५५३ क्रमांकाची चूक दाखवली. तिचा अर्थ असा, की पाठवणाऱ्याचा हा पत्ता या वापरकर्त्याच्या मालकीचा नाही.

१९८२च्या मूळ नियमांत पाठवणाऱ्याचा पत्ता हा पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या नावासारखा होता. कोणी काहीही लिहावे, कोणी विचारत नसे. १९९९मध्ये पत्र पाठवताना ओळख पटवण्याची रीत ठरली. त्यानंतर सर्व्हर एक वेगळी यादी ठेवू लागले, की कोणत्या माणसाने कोणत्या पत्त्याच्या नावाने पाठवावे. ही यादी पाठवण्याच्या सर्व्हरकडे असते आणि वाचण्याच्या हक्कांशी तिचा संबंध नसतो. अकरा अक्षरांतील पी पाहून वाटते की पाठवण्याचा हक्क हाच, पण तो नव्हे. अकराच्या अकरा अक्षरे दिली तरी शाळेच्या नावाने एक ओळसुद्धा जाणार नाही. जुन्या भाषेत सांगायचे तर बाईंना दफ्तर मिळाले असते, तरी शिक्का मिळाला नव्हता.

ज्या संस्था मायक्रोसॉफ्टची ई-मेल सेवा वापरतात त्यांच्याकडेही हेच आहे. ‘पूर्ण प्रवेश’ या परवानगीत पाठवणे येत नाही. ‘च्या नावे पाठवणे’ आणि ‘च्या वतीने पाठवणे’ या दोन परवानग्या वेगळ्या द्याव्या लागतात. पहिलीत पत्रावर फक्त संस्थेचे नाव दिसते, दुसरीत माणसाचेही दिसते. जीमेलमध्ये प्रतिनिधी नेमता येतो. तो आपल्या पासवर्डने येऊन मूळ पेटीतील पत्रे वाचू, पाठवू व पुसू शकतो, पण मूळ पासवर्ड बदलू शकत नाही. या सेवांमध्ये दिलेली परवानगी लागू व्हायला काही वेळ जातो, कधी कधी एक दिवससुद्धा. म्हणून मुदतीच्या दिवशी परवानगी देत बसू नये.

आता काय केले आहे

एक. हक्क माणसांच्या नावाने न देता कामाच्या गटाला दिले आहेत. ‘शिष्यवृत्ती’ गट, ‘प्रवेश’ गट, ‘परीक्षा’ गट असे. माणूस बदलला की फक्त गटातील नाव बदलायचे. कप्पे शोधत फिरावे लागत नाही.

दोन. प्रत्येक कप्प्याची यादी, आतल्या कप्प्यांसह, एकेक करून तपासली. अशा एकूण पाच कप्प्यांवर जुनी नावे सापडली.

तीन. ‘वाचले’ ही खूण आता ज्याची त्याला वेगळी दिसते. काम पूर्ण झाले की पत्र ‘निकाली’ या कप्प्यात हलवायचे. जे मुख्य कप्प्यात किंवा कामाच्या कप्प्यात आहे ते बाकी, मग ते कितीही जणांनी वाचलेले असो.

इथे पुन्हा एक ठेच लागली, तीही सांगते. आम्ही ठरवले होते की पत्र पुसण्याचा हक्क फक्त बडे बाबूंना द्यायचा. मग ‘निकाली’ कप्प्यात पत्र हलेना, नुसती दुसरी प्रत तयार होई. कारण हलवणे म्हणजे तिकडे ठेवणे आणि इकडून काढणे. तिकडे आय हवा आणि इकडे टी व ई हवेत. शेवटी गटप्रमुखांना ते हक्क दिले आणि रोज रात्री पेटीची वेगळी प्रत घेण्याची सोय केली. विश्वास टाकायचा आणि जुनी प्रतही ठेवायची, असे दोन्ही केले.

चार. शाळेच्या नावाने पाठवण्याचा हक्क प्रत्येक गटातील दोघांना दिला आहे. एक रजेवर असला तरी दुसरा असतो.

पाच. माझ्या रोजच्या खात्यावरचे प्रशासकाचे हक्क मी काढून घ्यायला सांगितले. प्रशासकाची खाती दोन आहेत, ती फक्त दुरुस्तीसाठी उघडतात. आता मला जे दिसते ते इतर शिक्षकांना दिसते तसेच दिसते.

पालकांसाठी

घरोघरी हाच प्रकार लहान प्रमाणात आहे. अनेक अर्ज बाजारातल्या दुकानातून भरले जातात आणि अर्जावर दुकानदाराचाच ई-मेल किंवा मोबाइल क्रमांक पडतो. मग त्रुटीची सूचना त्याच्याकडे जाते, आणि त्याच्याकडे अशा सूचनांचा ढीग असतो. अर्ज भरताना स्वतःचा क्रमांक व स्वतःचा ई-मेल द्या, छापील प्रतीवर तो एकदा वाचून पाहा, आणि पासवर्ड दुकानात ठेवून येऊ नका. शाळेकडून पंधरा दिवसांत काही कळले नाही तर त्या वडिलांसारखे येऊन विचारा. विचारणाऱ्या पालकाचा आम्हाला त्रास होत नाही.

विश्वस्त मंडळासाठी

माझी दोन मागण्यांची विनंती आहे. दर जूनमध्ये, शाळा सुरू होण्यापूर्वी, हक्कांची यादी छापून मंडळासमोर ठेवली जावी, जसा हिशेब ठेवतो तशी. आणि कोणीही निवृत्त झाले किंवा सोडून गेले, तर कार्यभार सोपवण्याच्या कागदावर किल्ल्या, कपाट, रजिस्टर यांच्याबरोबर ‘ई-मेलचे हक्क काढले’ अशी एक ओळ असावी. यासाठी खर्च नाही, फक्त आठवण हवी.

विद्यार्थ्यांसाठी

मित्रांनो, दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे ही गंमत नाही. अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ६६-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम २००९पासून लागू आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा समजून घेणे बरे. लॅबमधल्या लिनक्स संगणकावर प्रत्येक फाइलला तीन जणांसाठी हक्क असतात, म्हणजे मालक, त्याचा गट आणि बाकीचे. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १ असे अंक असतात. ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे व लिहावे, गटाने फक्त वाचावे, बाकीच्यांनी काहीच नाही. आता सांगा, वर्गाच्या वेळापत्रकाची फाइल सर्वांनी वाचावी पण फक्त मॉनिटरने बदलावी, तर अंक काय द्याल? आणि दुसरा प्रश्न असा. एका बाईंना कप्पा दिसतो, पत्र वाचता येते, पण उद्या पुन्हा उघडल्यावर तेच पत्र न वाचलेले दिसते. अकरापैकी कोणते अक्षर राहिले? उत्तरे संगणकाच्या सरांकडे द्यावीत. बरोबर उत्तरे देणाऱ्यांची नावे पुढच्या अंकात छापू.

असो. लेख लांबला. त्या मुलीने या वर्षी दुसऱ्या एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. त्यातही एक त्रुटी निघाली. पत्र सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आले, दुपारी एक वाजता उत्तर गेले आणि चार वाजता ते ‘निकाली’ कप्प्यात होते. मी ते पाहिले ते बाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसून. निकाल अजून यायचा आहे. आला की तिच्या घरी निरोप जाईल, आणि तो कोणी द्यायचा हेही यादीत लिहिलेले आहे.

आपली स्नेहांकित,
प्राचार्या